हिरवी तार आणि प्रमादाचा प्रश्न

विजेच्या ओव्हनला येणाऱ्या तीन तारांपैकी एक तार त्याच्या रोजच्या कामात कोणताही भाग घेत नाही, आणि नीतिशास्त्रातील एक जुना, अवघड प्रश्न नेमका या तारेपाशी येऊन उभा राहतो. फेजच्या तारेतून वीज येते, न्यूट्रलच्या तारेतून ती परत जाते, आणि या ये-जेवरच घरातली नानकटाई किंवा पाव भाजला जातो. तिसरी, हिरवी किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली अर्थिंगची तार ओव्हनच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि तिच्यातून एरवी जवळजवळ काहीही वाहत नाही. ती काढून टाकली तरी ओव्हन तितकाच तापतो, आतला दिवा तसाच लागतो, वीजबिलातही फरक पडत नाही. अशी तार ज्याने जोडलीच नाही, किंवा जोडलेली तोडली, आणि पुढे वर्षानुवर्षे त्या घरात कोणालाही साधा झटकासुद्धा बसला नाही, तर त्या माणसाच्या हातून काही अधर्म घडला असे म्हणता येईल काय? कोणाचेही काही बिघडले नसताना हिंसा झाली असे म्हणायला आधार कोणता? या प्रश्नाचे भारतीय परंपरेतील सर्वांत नेमके उत्तर जैन आचारशास्त्राने दिले आहे, आणि ते भिक्षूंच्या चालण्या-बोलण्यापुरते मर्यादित न ठेवता स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आणण्याजोगे आहे.

प्रश्नाची धार लक्षात येण्यासाठी तो जिथे प्रत्यक्ष उद्भवतो ती जागा नीट पाहिली पाहिजे. ओव्हनमधील तापणारी कॉइल ही निक्रोमची बारीक तार असते. ती पोलादी नळीच्या मधोमध ठेवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते पण वीज अडवते, म्हणूनच नळीला वीज लागत नाही. या पुडीचा एक दोष असा, की ती हवेतील ओल शोषून घेते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ओव्हन बंद राहिला आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा लावला, की ओलसर पुडीतून थोडी वीज नळीवर, नळीवरून ओव्हनच्या अंगावर आणि तेथून हिरव्या तारेने जमिनीत उतरते. घरात आरसीसीबी, म्हणजे फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परतलेली वीज यांचा जमाखर्च सतत ताडून पाहणारी कळ असेल, तर ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक दिसताच ती सेकंदाच्या अंशात पडते आणि पुरवठा तोडते. घरातल्यांना एवढेच दिसते, की ओव्हन लावला की लाइट जाते. वायरमन येतो. कॉइलचे इन्सुलेशन मेगर नावाच्या उपकरणाने मोजावे, कॉइल योग्य रीतीने वाळवावी किंवा बदलावी, हा खरा उपाय. पण त्याला वेळ लागतो, सुटा भाग मागवावा लागतो, पैसे पडतात. दुसरा उपाय अर्ध्या मिनिटाचा असतो. प्लगचे झाकण उघडून हिरव्या तारेचा स्क्रू सैल केला जातो, तार बाहेर ओढून तिच्या टोकाला काळ्या टेपचे दोन वेढे दिले जातात आणि झाकण पुन्हा बसवले जाते. आता जमिनीकडे जाणारी वाटच नसल्याने गळती होत नाही, कळ पडत नाही, ओव्हन चालतो आणि तक्रार मिटते.

तक्रार मिटते, पण त्या क्षणापासून ओव्हनचे अंग जिवंत तारेसारखे होण्याची शक्यता भिंतीआड दबा धरून बसते. ओल्या हाताने दार उघडणाऱ्या माणसाला आज फक्त मुंग्या आल्यासारखे होईल. उद्या कॉइलचे इन्सुलेशन पूर्ण निकामी झाले तर त्याच दारावर सबंध २३० व्होल्ट उतरतील. पाय ओल्या फरशीवर असतील तर माणसाचे शरीर हीच अर्थिंगची तार होते. आरसीसीबी शाबूत असेल तर ती तेव्हाही पडेल, परंतु तिची परीक्षा माणसाच्या अंगावर घेतली जाईल. आणि जुन्या चाळीत किंवा इमारतीत, जिथे केवळ एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच पडणारी कळ, किंवा फ्यूज आहे, तिथे तीही आशा नाही, कारण शरीरातून जाणारा मिलिअँपिअरचा प्रवाह १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने शून्यवत असतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते आणि ३० च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. हे सर्व कदाचित घडेल, कदाचित कधीच घडणार नाही. ओव्हन दोन वर्षांनी भंगारात जाईल आणि टेप गुंडाळलेली ती तार कोणाच्या नजरेसही पडणार नाही.

सामान्य व्यवहारात अशा कृत्याचा निवाडा परिणामावरून होतो. काही झाले नाही तर वायरमन हुशार ठरतो; झाले तर तोच गुन्हेगार ठरतो. कायद्यातही या वृत्तीचे प्रतिबिंब दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार दुसऱ्याचे प्राण किंवा सुरक्षितता धोक्यात आणणारे बेदरकार वा निष्काळजी कृत्य, त्यातून प्रत्यक्ष इजा झाली नसली तरी, शिक्षेस पात्र आहे, परंतु त्या स्थितीत कैदेची कमाल मर्यादा ३ महिने आहे. त्याच निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर कलम १०६ नुसार ती ५ वर्षांपर्यंत जाते. स्क्रू तोच, टेप तीच, हात तोच; फरक एवढाच, की एका घरातील मुलाने ओल्या हाताने दार उघडले आणि दुसऱ्या घरातील मुलाने चपला घातल्या होत्या. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नागेल यांनी १९७६ मध्ये या कोड्याची मांडणी केली. माणसाच्या हाती नसलेल्या योगायोगाने त्याचा नैतिक दोष कमीअधिक होतो काय, असा तो प्रश्न असून मराठीत त्याला नैतिक दैवयोग म्हणता येईल. कायद्याला पुराव्याची आणि भरपाईची गरज असते, म्हणून त्याने परिणामाकडे पाहावे हे समजण्यासारखे आहे. धर्मविचाराला ती सबब नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, जो ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे, सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या येते, आणि तिच्यात केवळ प्राण जाणे हे लक्षण सांगितलेले नाही. प्रमत्त, म्हणजे बेसावध झालेल्या मन-वाणी-कायेच्या व्यापारातून दुसऱ्याच्या प्राणांचा होणारा वियोग म्हणजे हिंसा, असा तिचा आशय आहे. कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार याहून एक पाऊल पुढे जाते: जीव मरो वा जगो, यत्न न राखता वागणाऱ्याच्या ठिकाणी हिंसा निश्चित आहे, आणि सावधपणे वागणाऱ्याला केवळ बाह्य घातामुळे कर्मबंध होत नाही, असे त्यात प्रतिपादले आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध केली. दक्षिण महाराष्ट्रातील मराठी जैन घरांत अहिंसेची चर्चा बहुधा आहाराच्या संदर्भात होते, मूळ व्याख्येचा गाभा मात्र आहाराहून पुष्कळ व्यापक आहे, हे अशा संपादनकार्यामुळे अभ्यासकांना मूळ शब्दांतच ताडून पाहता येते.

या भूमिकेला आधार देणारा भेद म्हणजे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतला. प्रत्यक्ष शरीराला होणारा घात ही द्रव्यहिंसा, आणि तो घात शक्य करणारी अंतःकरणाची ढिलाई किंवा विकार ही भावहिंसा. टीकाकारांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे: समोरची जमीन निरखीत चालणाऱ्या मुनीच्या उचललेल्या पावलाखाली अचानक एखादा क्षुद्र जीव येऊन मेला, तर तेथे द्रव्यहिंसा आहे, भावहिंसा नाही, उलट न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही, तरी त्याची हिंसा पावलागणिक घडतच असते, आणि तिचा पहिला घाव त्याच्या स्वतःच्या आत्म्यावर बसतो. हिरवी तार सोडवून टेप लावणारा हात हा न पाहता टाकलेल्या पावलासारखा आहे. ओव्हन भंगारात जाईपर्यंत कोणाला काही झाले नाही, ही त्या घराच्या दैवाची गोष्ट झाली; त्या हाताने केलेल्या कृत्याचे स्वरूप तिने पालटत नाही. नैतिक दैवयोगाच्या कोड्याला याहून स्वच्छ उत्तर क्वचितच मिळेल.

प्रमाद हा शब्द मराठीत चूक या अर्थाने सौम्य झाला आहे. जैन शास्त्रात त्याचे पंधरा भेद मोजलेले आहेत. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय. चार विकथा, म्हणजे वायफळ गप्पांचे चार विषय. पाच इंद्रियांचे पाच ओढे. आणि निद्रा व स्नेह. ही यादी संन्याशांसाठी रचलेली असली तरी वायरिंगच्या कामावर ती थक्क करणाऱ्या नेमकेपणाने बसते. ३००० वॅटच्या ओव्हनला २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह लागतो, आणि त्यासाठी वेगळ्या सर्किटवर २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढावी लागते. दिव्यांसाठी आणलेली १ चौरस मिलिमीटरची तार उरली आहे म्हणून तीच वापरणे हा लोभ. प्रमाणपत्र नसताना आपल्याला सगळे येते असे मानणे हा मान. सॉकेटमध्ये अर्थिंग नाही हे लपवण्यासाठी अर्थच्या टोकाला न्यूट्रलची तार जोडून देणे, जेणेकरून टेस्ट लॅम्प लागेल पण वाटेत न्यूट्रल तुटताच ओव्हनच्या अंगावर पूर्ण दाब येईल, ही माया, म्हणजे कपट. आणि वायरमन आपल्या गावचा, ओळखीचा, म्हणून त्याचे काम न तपासणे, हा विस्तार शास्त्रकारांनी केलेला नसला तरी, स्नेहाच्या सदरात घालता येईल.

यांपैकी गप्पा मारीत केलेल्या कामाचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दुष्ट हेतूचा लवलेशही नसतो. टर्मिनलचा स्क्रू शेवटचा अर्धा आटा पिळायचा राहिला, किंवा जाड तार भोकात जाईना म्हणून तिच्या चार-सहा काड्या कापून टाकल्या. अशा सैल जोडात समजा ०.१५ ओहम एवढाच रोध उत्पन्न झाला. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते. १३ अँपिअरचा वर्ग १६९, आणि त्याला ०.१५ ने गुणले की सुमारे २५ वॅट. म्हणजे रेडिओ दुरुस्तीतल्या लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या आत, ओव्हन चालू असेतो धगधगत राहते. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबी पडत नाही, गळती नसल्यामुळे आरसीसीबी पडत नाही. रोज थोडे ऑक्सिडीकरण होते, त्याने रोध वाढतो, त्याने उष्णता वाढते, आणि एके दिवशी सॉकेटचा चेहरा तपकिरी पडून जळका वास येतो. त्या वेळी हातात स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसाचे लक्ष दुसरीकडे होते, एवढाच त्याचा अपराध. वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, तपासून वागण्याला जैन शास्त्रात आदाननिक्षेपण समिती म्हणतात, आणि ती महाव्रतांना राखणाऱ्या पाच समित्यांपैकी एक मानली आहे. स्क्रूचा शेवटचा आटा तिच्या कक्षेत येतो.

दोष एकट्या वायरमनचा आहे काय? या ठिकाणी शास्त्राचा हिशेब गृहस्थाला अस्वस्थ करणारा आहे. कर्म स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवून घेणे आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती देणे, या तिन्ही वाटांनी ते आत्म्याला चिकटते. त्यांना कृत, कारित आणि अनुमत म्हणतात. कृत्याच्याही तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मनात योजणे हा संरंभ, साधने जमवणे हा समारंभ आणि प्रत्यक्ष सुरुवात हा आरंभ. या तीन पायऱ्यांना मन, वाणी व काया या तिन्हींनी, मग कृत-कारित-अनुमत या तिन्हींनी आणि अखेर चार कषायांनी गुणले, की १०८ भेद होतात. समारंभ या शब्दाला मराठीत आज मंगल अर्थ आहे. येथे त्याचा अर्थ सामग्री गोळा करणे एवढाच, आणि स्वस्त म्हणून आयएसआय चिन्ह नसलेली तार विकत आणणे हे त्याचे साधे उदाहरण. तार सोडवणाऱ्या हाताचे कर्म कृत झाले. पाहुणे यायचे आहेत, काहीही करा पण आज ओव्हन चालू करून द्या, असे म्हणणाऱ्या घरधन्याचे कर्म कारित झाले. अर्थिंग काढल्याचे ठाऊक असूनही गप्प राहणाऱ्या घरातल्या इतरांचे अनुमत. घरधनी असे समजतो की त्याने केवळ सेवा विकत घेतली. या हिशेबात मात्र त्याने प्रमादही विकत घेतला, आणि पैसे त्याचेच असल्यामुळे त्याचा वाटा अनेकदा मोठा असतो. दिवसाला पाच-सहा घरे फिरून पोट भरणाऱ्या वायरमनला अर्ध्या मिनिटाच्या उपायाकडे ढकलणारी घाई पुष्कळदा गिऱ्हाइकाची असते, हे न सांगता त्याच्यावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल.

यावर एक आक्षेप योग्य रीतीने घेतला जातो. ज्याला धोका माहीतच नाही, त्याला बेसावध कसे म्हणावे? अज्ञान आणि प्रमाद एक नव्हेत. या ठिकाणी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील तामस कर्माचे वर्णन उपयोगी पडते. पुढे काय ओढवेल, किती हानी होईल, कोणाला पीडा होईल आणि आपले सामर्थ्य किती आहे, या चार गोष्टी लक्षात न घेता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस, असा त्याचा आशय आहे. चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण आपल्याला हे काम येते की नाही, हे पाहणे अज्ञानी माणसालाही शक्य असते. अर्थ इलेक्ट्रोडचा रोध ५ ओहम असला तर बिघाडाच्या वेळी ४६ अँपिअर वाहतील, आणि सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात, म्हणून अर्थिंग असूनही आरसीसीबीवाचून भागत नाही, हे गणित प्रत्येक गृहस्थाला यावे अशी अपेक्षा नाही. ते येत नाही हे ओळखून ज्याला येते अशा परवानाधारक माणसाकडे जावे, एवढी अपेक्षा मात्र आहे. महाराष्ट्राच्या मातीत या वृत्तीला एक शब्दही आहे: समर्थ रामदासांनी दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ सर्व विषयांतील सावधपण सांगितले, आणि ते सर्व विषयांतील असल्याने त्यातून स्वयंपाकघर वगळण्याचे कारण नाही.

वीज आणि जैन धर्म यांचा विषय निघाला की एक वेगळाच वाद पुढे येतो. अग्नी हा स्वतःच जीवांचे शरीर आहे, त्याला तेजस्काय म्हणतात, असा जैन सिद्धांत असल्यामुळे वीज ही सचित्त, म्हणजे सजीव, मानावी की अचित्त, यावर विसाव्या शतकात बरीच चर्चा झाली. तेरापंथाने ती अचित्त मानून ध्वनिवर्धकाचा वापर स्वीकारला, तर अनेक साधू-साध्वी आजही तो टाळतात. या वादामागची जीवदयेची तळमळ आदरणीय आहे. तरीही गृहस्थाच्या दृष्टीने तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. तारेतील वीज सजीव आहे की नाही याचा निर्णय लागो वा न लागो, ओव्हनच्या दाराला हात लावणारी स्त्री सजीव आहे याविषयी कोणत्याही पंथात दुमत नाही.

राहतो तो उलट बाजूचा प्रसंग: सर्व काळजी घेतली, योग्य जाडीची तार ओढली, अर्थिंग मोजले, आणि तरीही अपघात घडला. शास्त्र अशा माणसाला बंधमुक्त ठरवते, आणि हा निर्णय काहींना कोरडा वाटेल. परंतु त्याच परंपरेने प्रतिक्रमण सांगितले आहे, म्हणजे कळत-नकळत झालेल्या पीडेकडे मागे वळून पाहणे आणि तिच्याबद्दल क्षमा मागणे. सावधपणे चालून आलेल्या साधूलाही ईर्यापथिकी नावाचे प्रतिक्रमण करावे लागते. यातून निर्दोष माणसालाही दुःखाची वाट मोकळी राहते, मात्र ते दुःख अपराधाचे नसते. प्रमादी माणसाला ही सोय नाही, कारण कोणी मेले नाही तर मागे वळून पाहण्याची वेळच त्याच्यावर येत नाही, आणि तो तशीच तार पुढच्या घरी सोडवतो.

म्हणून ज्या घरात ओव्हन आहे, तेथील माणसांनी आपला ओव्हन कोणाच्या प्रमादावर तर चाललेला नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे. ओव्हन भिंतीतल्या कप्प्यात सरकवण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला, पुरवठा बंद करून आणि प्लग काढून, प्लगच्या लांब व जाड पिनेपासून ओव्हनच्या उघड्या धातूपर्यंतचा रोध मल्टिमीटरने मोजायला सांगावे; तो एका ओहमपेक्षा पुष्कळ कमी यायला हवा. त्यानंतर सॉकेटच्या अर्थिंगची जमिनीपर्यंतची वाट स्वतंत्रपणे तपासून घ्यावी आणि आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून ती पडते की नाही ते पाहावे. ओव्हन लावताच ती पडत असेल, तर हिरव्या तारेला कोणालाही हात लावू देऊ नये आणि नवी कॉइल येईपर्यंत ओव्हन बंद ठेवावा.